खैरडोहचे एकशे अठरा

आकडा पडद्यावर आला तेव्हा कुंदा टेंभुर्णे ट्रकच्या मागच्या बाजूला मातीच्या नळ्या धूत होती.

"कुंदा, हात पूस आणि इकडे ये," डॉ. नसीम देशमुख आतून म्हणाल्या.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक ट्रकच होता. गेले दोन महिने तो खैरडोहच्या बंद पडलेल्या स्फोटकांच्या कारखान्यात, सात नंबर शेडच्या जागेवर उभा होता. शेड असं आता काही उरलं नव्हतं. चौथऱ्याचे तुकडे, वाकलेल्या सळया आणि बाभळीचं रान. त्या रानात कुंदाने सहाशे बारा ठिकाणी पोलादी नळी ठोकून दोन मीटर खोलपर्यंतची माती काढली होती. प्रत्येक नमुन्यावर तिची सही होती.

ती आत आली. नसीममॅडमनी खुर्ची थोडी बाजूला सरकवली. पडद्यावर एकच ओळ होती. किमान मृत व्यक्ती : एकशे अठरा.

कुंदाने ओळ दोनदा वाचली.

"एकतीस होते, मॅडम."

"एकतीस सांगितले गेले होते," नसीममॅडम म्हणाल्या.

खैरडोहमध्ये ज्याला बोलता येतं त्याला एकतीस हा आकडा माहीत होता. बसस्टँडसमोरच्या काळ्या दगडावर एकतीस नावं कोरलेली होती. तेवीस वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वज्रबाहू एक्सप्लोसिव्हजचं सात नंबर शेड उडालं, तेव्हा कुंदा दहावीच्या जादा तासाला बसली होती. आधी जमीन हलली, मग खिडक्या आत आल्या. तिच्या पुढच्या बाकावरच्या मुलीच्या गालात काचेचा तुकडा शिरला आणि जबड्यावर थांबला. सगळ्या मुली मैदानावर धावल्या. तिथे आकाशातून वस्तू पडत होत्या. पत्रे, विटा, एक चप्पल. हातपंपाच्या ओट्यावर कोपरापासून तुटलेला हात येऊन पडला. त्याच्या मनगटावर हिरवा धागा बांधलेला होता. बाईंनी त्यावर आपला पदर टाकला आणि मग त्यांनाच उलटी झाली.

कुंदाचे वडील शामराव त्याच कारखान्यात टाइमकीपर होते. फाटकाजवळच्या खोलीत बसून ते हजेरी घेत. त्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा अंगभर राख होती, डाव्या कानातून रक्त येत होतं, पण ते जिवंत होते. चौकशी समितीपुढे त्यांचीच साक्ष झाली. शेडमध्ये किती माणसं होती? एकतीस. त्यावर समितीने शिक्का मारला.

माणसं मेली की आकडा कोणीतरी सांगायचा आणि बाकीच्यांनी मानायचा, अशीच आजवरची रीत होती. लढाई जिंकणारा राजा शत्रूचे मेलेले फुगवून सांगे आणि आपले लपवी. दुष्काळात मेलेल्यांना कोणी मोजतच नसे. बुडालेल्या जहाजावर खालच्या डेकवर कोण होतं, ते यादीत नसे. नऊ वर्षांपूर्वी मातीचं यंत्र आलं आणि ही रीत मोडली.

यंत्रामागचं तत्त्व समजायला सोपं होतं. माणसाच्या शरीरातला डीएनए मातीच्या बारीक कणांना चिकटून बसतो. काळ्या चिकण मातीत तर तो कित्येक दशकं टिकतो. पण जमिनीवर डीएनए सांडतच असतो. केस, घाम, थुंकी, खरचटलेल्या गुडघ्याचं रक्त. त्यावरून इथे कोण येऊन गेलं ते कळेल, कोण मेलं ते कसं कळणार? त्याचं उत्तर मिथाइलच्या खुणांमध्ये सापडलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो, पण यकृताच्या पेशीत काही जनुकं बंद ठेवलेली असतात आणि मेंदूच्या पेशीत दुसरीच. बंद जनुकांवर मिथाइल नावाच्या रेणूंची मोहर असते. ती मोहर वाचली की डीएनए शरीराच्या कुठल्या भागातून आला ते कळतं. यंत्र फक्त हृदय, यकृत आणि मेंदू यांचा डीएनए निवडायचं आणि त्यातली वेगवेगळी माणसं मोजायचं. नसीममॅडम विद्यार्थ्यांना हे एका वाक्यात सांगायच्या : मेंदूचा तुकडा मागे ठेवून कोणी घरी जात नाही.

यंत्र जुन्या रणांगणांवर गेलं, दरडींखाली गेलं, जळालेल्या गिरण्यांच्या राखेत गेलं. जगभर इतिहासाची पानं बदलायला लागली. क्वचित कुठे आकडा कमी झाला. बहुतेक ठिकाणी वाढला. आणि जिथे वाढला तिथे माणसं चिडून रस्त्यावर आली, कारण वाढलेले सगळे गरीब होते. शेवटी मृतगणनेचा कायदा झाला. गेल्या पन्नास वर्षांतल्या प्रत्येक मोठ्या अपघाताची माती तपासायची आणि जबाबदारी नव्याने ठरवायची.

खैरडोहची पाळी आली तेव्हा कुंदाने नसीममॅडमना आधीच सांगितलं होतं की माझे वडील तिथे नोकरीला होते. नियमाप्रमाणे मृतांच्या नातेवाइकांना काम करता येत नसे. वाचलेल्यांच्या नातेवाइकांबद्दल नियम गप्प होता. नमुन्यांवर नुसते क्रमांक असतात, कुठली माती कुठली ते यंत्रालाही माहीत नसतं, म्हणून मॅडमनी तिला ठेवून घेतलं.

"अजून एक आहे," नसीममॅडम आता म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. "बस आधी."

कुंदा बसली.

सात नंबर शेडच्या मागे मातीचा उंच बांध होता. स्फोटकांच्या प्रत्येक शेडभोवती तो असतो, धक्का अडवायला. शेड आणि बांध यांच्यामध्ये खंदक होता. पुरुषभर खोल. नमुना क्रमांक चारशे दोन ते चारशे सत्तर त्या खंदकातले होते.

"खंदकात एकोणचाळीस माणसं आहेत," मॅडम म्हणाल्या. "त्यातली वीस लगेच गेली. एकोणीस नाही गेली."

"म्हणजे?"

"जखम झाली की शरीर दुरुस्तीच्या पेशी पाठवतं. त्या तिथे पोचून कामाला लागायला तास लागतात, आणि त्या तासांत त्यांच्या डीएनएवरच्या खुणा बदलत जातात. मेलेल्या माणसाची जखम भरत नाही, कुंदा. या एकोणीस जणांच्या जखमा भरायला लागल्या होत्या. कोणाच्या चार तास, कोणाच्या सहा. एक जण दहा तास जिवंत होता."

अकरा वाजून दहा मिनिटं आणि दहा तास. कुंदाने मनात बेरीज केली. तिला आठवलं की त्या दिवशी बाबा साडेसहाला घरी आले होते. ती उठून ट्रकच्या बाहेर गेली आणि बाभळीला धरून बराच वेळ उभी राहिली.

*

शामराव टेंभुर्णे एकाहत्तर वर्षांचे होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे, म्हणून कुंदा नेहमी त्यांच्या उजवीकडे बसे. संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा त्यांनी भाकरी टाकून ठेवल्या होत्या आणि झुणक्याला फोडणी देत होते.

"आज लवकर आली तू," ते म्हणाले.

"बाबा, गॅस बंद करा."

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बंद केला.

"खंदकात किती लोक होते?"

"कोणता खंदक?"

"सात नंबरचा."

"तिथं कोणी नव्हतं. मी कमिटीले सांगितलं ना तेव्हाच."

"बाबा, मी माती काढली आहे तिथली. माझ्या हाताने. एकोणचाळीस जण आहेत."

शामरावांनी झारा खाली ठेवला. ते खाटेवर जाऊन बसले आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.  ते बोलायला लागले तेव्हा त्यांचा आवाज हजेरी वाचताना असायचा तसाच सपाट होता.

"त्या शेडमधी एकतीसच माणसाची परवानगी होती. पण सरकारी ऑर्डर मोठी आली. मॅनेजर साहेबानं ठेकेदाराकडून मेळघाटातले कोरकू आणले. दोन ट्रक. त्याइची नावं माझ्या रजिस्टरात नव्हती. ठेकेदार फाटकातून नुसते मोजून आत सोडे. मी पाहत होतो रोज."

"सत्त्याऐंशी," कुंदा एकशे अठरातून एकतीस वजा करून म्हणाली.

"असतील. मी मोजले नाही."

त्यांनी पुढचं सांगितलं. स्फोट झाला तेव्हा फाटकाची खोली त्यांच्या अंगावर आली. ते बाहेर निघाले आणि सात नंबरकडे पळाले. वाटेत एक माणूस चालत येत होता. त्याच्या अंगावर कपडे नव्हते आणि कातडी सदऱ्यासारखी लोंबत होती. तो शामरावांच्या जवळून पुढे गेला, आणखी दहा पावलं चालला आणि बसला तो उठलाच नाही. शेडच्या जागी खड्डा होता आणि खड्ड्याच्या कडेला माणसांचे अर्धे भाग पडले होते. आग बाजूच्या गवताला लागली होती. तिथून दोनशे मीटरवर दुसरं कोठार होतं. त्यात बारा टन माल होता.

"पहिला आवाज छोटा झाला होता," शामराव म्हणाले. "मोठ्या स्फोटाच्या अर्धा मिनिट आधी. तेवढ्यात जे पळाले ते खंदकात उतरले. मग बांध कोसळला त्याइच्यावर. पुरा नाही. मधे फटी होत्या. आवाज येत होते आतून."

"मग?"

"आग कोठाराकडे सरकत होती. बंबवाले मागे हटले. मॅनेजर साहेब म्हणाला, बांधाची माती लोटा, गवतावर टाका, आग तिथंच दाबा. जेसीबीवाला आला. मशीन लावली त्यानं आणि थांबला. त्याले आवाज ऐकू आला असंल. खाली उतरून माझ्याजवळ आला. हजेरी माझ्याजवळ होती ना. म्हणाला, बाबू, आत कोणी हाये का?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"साहेब माझ्या बाजूलेच उभा होता. काही बोलला नाही. नुसता पाहत होता माझ्याकडे. मी म्हटलं, आत कोणी नाही. त्यानं माती लोटली. फटी बुजल्या."

बाहेर कोणाची तरी स्कूटर गेली.

"का म्हणालात असं?"

"तुझी शाळा कोठारापासून सहाशे मीटरवर होती."

"आणि?"

शामरावांनी मान वर केली. "आणि साहेब पाहत होता. नोकरी होती. तेवीस वर्षं मी स्वतःले विचारतो, त्या दोन्हीपैकी कोणतं होतं. तू मले विचारू नको, कुंदे. मले सांगता येत नाही."

कुंदा उजवीकडे बसायची ती आज समोर भिंतीला टेकून खाली बसली.  बारा टन उडाले असते तर मैदानावर जमलेल्या तीनशे मुलींपैकी कोण राहिलं असतं? पण कोठार उडालं नव्हतं. आग त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. ती मातीने थांबली की वाऱ्याने, हे कुठलंही यंत्र आता सांगू शकत नव्हतं.

"पुढच्या सोमवारी सुनावणी आहे," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"मग मी येतो."

"नाही आलात तरी चालेल. लेखी देता येतं."

"लेखीच दिलं होतं मागच्या वेळी," शामराव म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी कुंदाने सगळं नसीममॅडमना सांगितलं.  मग त्यांनी दाराला आतून कडी घातली.

"तुला माझ्याकडून खरं ऐकायचं असेल तर असं आहे," त्या म्हणाल्या. "तुझे वडील आता आरोपी होऊ शकतात. आरोपीच्या मुलीने काढलेले नमुने, असं म्हणून तुला मागे होता येईल. कोणी नावं ठेवणार नाही. मग खंदकाचे एकोणसत्तर नमुने बाद होतात."

"पुन्हा काढता येतील?"

"येत्या पहिल्या तारखेपासून ही जमीन सौरप्रकल्पाला दिली आहे. सपाटीकरण होणार. माती उचलून नेणार."

"आणि मी मागे नाही झाले तर?"

"तर नमुने क्रमांकाने तपासले गेले होते हे मी शपथेवर सांगेन आणि ते टिकतील. तुला मात्र उभं राहून सांगावं लागेल की ही माती मी काढली आणि हा माझा बाप आहे."

कुंदाने अहवालाचं शेवटचं पान पुढे ओढलं. खंदकाच्या प्रत्येक नमुन्यासमोर पुन्हा सही करायची होती. एकोणसत्तर सह्या करताना तिचा हात दोनदा थांबला. मॅडमनी तिच्यासाठी चहा आणला. तो तसाच गार झाला.

*

सुनावणी शाळेच्या मैदानावर मांडव घालून होती. खंदकाची बातमी मेळघाटापर्यंत पोचली होती. तिथून तीन बसगाड्या आल्या. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा त्या माणसांनी काही न बोलता जमिनीवर बसून घेतलं. कुंदा पाण्याचे ग्लास फिरवत होती. एका चाळिशीच्या माणसाने ग्लास घेतला, पण तो प्यायला नाही. त्याचं नाव रामकिसन कासदेकर. त्याचा मोठा भाऊ मोतीराम त्या ठेकेदाराबरोबर गेला होता.

"बाई, तुम्ही माती काढणाऱ्या ना?"

"हो."

"एक जण दहा तास जगला म्हणतात. म्हणजे किती वाजेपर्यंत?"

"रात्री नऊपर्यंत."

त्याने मान हलवली. "ठेकेदार आम्हाला म्हणाला, मोतीराम सुरतेला पळून गेला. कोणा बाईबरोबर. माझी आई तेवीस वर्षं त्याला शिव्या देते. दिवाळीला सगळ्यांच्या नावाने दिवा लावते, त्याच्या नावाने लावत नाही."

"तुमच्या आईचा नमुना घेऊन जुळवता येईल, तो इथे होता का ते."

"तो दहा तासवाला तोच होता का, तेही कळेल?"

"कळेल," कुंदा म्हणाली. मग तिला वाटलं की हे सांगायला नको होतं.

आधी नसीममॅडम बोलल्या. मंचासमोर एका टेबलावर त्यांनी मातीची एक उभी कांडी ठेवली होती आणि बाजूला ती काढायची पोलादी नळी टेकवून ठेवली होती. लोकांना कळावं म्हणून त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. एकशे अठरा म्हटल्यावर मांडवात गलका झाला. दगडावरच्या एकतीस जणांची घरची माणसं पुढच्या रांगेत होती. त्यांच्यातल्या काही बायका मागे वळून जमिनीवर बसलेल्या लोकांकडे पहिल्यांदाच नीट पाहायला लागल्या.

मग कुंदा उभी राहिली. ही माती मी काढली, ती म्हणाली, आणि आता जे बोलणार आहेत ते माझे वडील आहेत.

शामराव माईकजवळ गेले. त्यांनी सगळं सांगितलं. रजिस्टर, ठेकेदार, दोन ट्रक, कोठार, जेसीबीवाला. शाळेचं नाव त्यांनी घेतलं नाही. कुंदा वाट पाहत होती की आता घेतील, आता घेतील. मॅनेजर सात वर्षांपूर्वी वारला होता, त्याच्यावरही त्यांनी काही ढकललं नाही. "आत कोणी नाही, असं मी म्हटलं," ते म्हणाले आणि थांबले.



रामकिसन उभा राहिला. तो चिडलेला दिसत नव्हता.

"बाबूजी, आवाज येत होते म्हणता. काय म्हणत होते?"

"मले त्याइची भाषा येत नव्हती."

"तरी. काही तरी आठवत असेल."

शामरावांनी उजवा कान त्याच्याकडे केला. प्रश्न त्यांना नीट ऐकू आला होता, पण त्यांना वेळ हवा होता.

"एकच शब्द होता," ते म्हणाले. "पुन्हा पुन्हा. डा. डा. असं काहीतरी. मले वाटे, कोणाचं नाव असंल."

जमिनीवर बसलेल्या बायांमधून एक आवाज उठला. रडणं नव्हतं ते, घशातून निघालेला नुसता आवाज होता.

"डा म्हणजे पाणी," रामकिसन म्हणाला.

तो चालत पुढे आला. कोणी त्याला अडवलं नाही, कारण तो मंचावर काही सांगायला जातोय असंच सगळ्यांना वाटलं. टेबलाजवळ आल्यावर त्याने ती पोलादी नळी उचलली, दोन्ही हातांनी खांद्यावर घेतली आणि शामरावांच्या डोक्यात मारली. पहिल्या घावाने ते गुडघ्यांवर आले. त्यांनी हात वर केले नाहीत. दुसरा घाव कानाच्या वर बसला आणि कवटीचा आवाज माईकमधून सगळ्या मैदानावर गेला. तिसऱ्याला ते माईकसकट आडवे झाले.

कुंदा चार हातांच्या अंतरावर होती. रामकिसनचा चेहरा तिला पूर्ण दिसला. तो रडत होता आणि मारत होता. ती पुढे झेपावली तोवर लोक उठले होते. कोणी मंचाकडे, कोणी बसगाड्यांकडे. मांडवाचा एक खांब पडला आणि कापड सगळ्यांच्या डोक्यांवर आलं. पोलिसांनी आत घुसून लाठ्या चालवल्या. ज्याच्यावर पडतील त्याच्यावर. एका म्हातारीचं मनगट तुटलं. एकतीसांपैकी एकाचा मुलगा एका कोरकू माणसाला अंगाखाली घेऊन त्याच्यावरचे फटके स्वतःच्या पाठीवर झेलत होता. कापडाच्या खाली, रांगत, कुंदा वडिलांपर्यंत पोचली. त्यांचं डोकं तिने मांडीवर घेतलं. डोक्याचा एक भाग मऊ लागत होता. डोळे उघडे होते.

"बाबा, मी आहे," ती त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाली.

 दवाखान्याची गाडी यायच्या आधीच ते गेले.

*

तपास करणारे निरीक्षक तिसऱ्या दिवशी घरी आले. वयस्क गृहस्थ होते. त्यांनी आधी पाणी मागितलं, शामरावांच्या फोटोकडे बघून हात जोडले, मग वही काढली.

"चारशे माणूस होतं मांडवात," ते म्हणाले. "एकानेही मारणाऱ्याला पाहिलं नाही. कॅमेरा माईकवर लावला होता. त्यात नळी दिसते, दोन हात दिसतात. नळीवर पंचवीस जणांचे ठसे आहेत, पळापळीत तुडवली गेली. गावातले म्हणतात बाहेरचे होते. बाहेरचे म्हणतात दिसलं नाही. तुमच्या डॉक्टर मॅडम कागद चाळत होत्या."

"आणि मी समोर होते."

"तुम्ही समोर होता. म्हणून आलो."

 मग वहीतून नजर न उचलता म्हणाले, "तुम्हालाही दिसलं नसेल तर मी तसं लिहून घेईन. धक्का बसलेला असतो. समजण्यासारखं आहे."

नसीममॅडम तिथेच वेताच्या मोढ्यावर बसल्या होत्या. कुंदाने त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्यांना काय व्हायला हवं आहे. तेवीस वर्षं ज्या घरात मोतीरामच्या नावाचा दिवा लागला नाही, त्या घरातला उरलेला मुलगाही तुरुंगात जावा असं मांडवातल्या कोणालाच वाटत नव्हतं. कुंदालाही वाटत नव्हतं. तिला रामकिसनचा रागही धड येत नव्हता. राग आला असता तर सोपं गेलं असतं.

तिने डोळे मिटले की बाबा गुडघ्यांवर आलेले दिसत. त्यांचे हात खाली.

"रामकिसन कासदेकर," ती म्हणाली. "मी पाहिलं."

निरीक्षकांनी लिहून घेतलं, तिची सही घेतली आणि ते गेले. मॅडमनी त्यांच्या मागे दार लावलं.

"गप्प राहिली असतीस तर कोणी दोष दिला नसता," त्या म्हणाल्या.

"बाबांनाही कोणी दिला नव्हता."

"पण काय मिळालं तुला?"

"काही नाही," कुंदा म्हणाली. "मारणारा कोणीच नव्हता असं मी म्हणायचं, आणि ते कागदावर जायचं. मला ते जमलं नसतं, मॅडम. बाकी काही नाही."

त्या दिवसापासून खैरडोहमध्ये तिच्याशी फारसं कोणी बोललं नाही. शामरावांमुळे बोलत नसत ते आणि रामकिसनमुळे बोलत नसत ते, दोन्ही मिळून गाव होत होतं.

*

अहवाल टिकला. कारखान्याच्या तीन जुन्या संचालकांवर खटला उभा राहिला. आता सत्त्याऐंशी माणसांची नावं शोधायची होती आणि त्यासाठी मेळघाटातल्या गावागावात जाऊन नातेवाइकांचे नमुने घ्यायचे होते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बस. काम सोपं होतं. कुंदाने ते मागून घेतलं. नसीममॅडम म्हणाल्या, एक गाव सोड, तिथे मी दुसऱ्या कोणाला पाठवते. कुंदा नको म्हणाली.

त्या गावात ती दुपारी पोचली. घरं एका ओळीत, समोरासमोर. अंगणं शेणाने सारवलेली. रामकिसनची आई सुगंती कासदेकर दारात बसून मोहाची फुलं निवडत होती. सत्तरीची असेल. डाव्या मनगटावर प्लास्टर काढल्याची फिकट खूण होती. ती त्या दिवशी मांडवात होती, हे कुंदाला तेव्हा कळलं.

"मी कुंदा टेंभुर्णे," ती म्हणाली.

"माहीत आहे," म्हातारी म्हणाली. तिने टोपली बाजूला केली. "बस."

कुंदा समोर बसली. तिने पिशवीतून हातमोजे काढले, नमुन्याची छोटी नळी काढली, काडी काढली.  शेजारच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. 

"रामकिसनला भेटून आले परवा," म्हातारी म्हणाली. "जेलमध्ये. म्हणाला, बाई खरं बोलली."

कुंदाने हातमोजे चढवले.

"मला खोटं चाललं असतं," म्हातारी म्हणाली. "तुझा बाप मेला, तो मेलाच होता. माझा एक तरी राहिला असता."

"हो," कुंदा म्हणाली.

"तुलाही चाललं असतं."

"हो."

म्हातारीने तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. डोळ्यांत माया नव्हती. पण ती उठून आतही गेली नाही.

"या काडीने मोतीराम सापडेल?"

"सापडेल. तिथे असेल तर."

"तिथेच असेल. सुरतेला गेला नव्हता तो. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं." तिने मोहाच्या फुलांनी चिकट झालेले हात पदराला पुसले. "रामकिसनचं नाव तू लिहून दिलंस. आता मोतीरामचं लिही."

कुंदाने फॉर्मवर मोतीराम कासदेकर असं लिहिलं आणि म्हातारीला दिसेल असं धरलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने अक्षरांवर एकदा बोट फिरवलं, मग मान वर करून तोंड उघडलं.